सातबाऱ्यावर तिचे नाव आणि कणगीत वर्षाची ज्वारी

गेल्या माघात बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका घरी बसले होते. ओसरीच्या कोपऱ्यातल्या कणगीत घरच्या सुनेने हात घातला आणि तळातून ओंजळभर ज्वारी वर आली. रानातला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीला यायला अजून अवधी होता, आणि आला तरी तो थेट तिच्या घरी येणार नव्हता. नवरा जाऊन चार वर्षे झाली होती. त्याच्या वाट्याचे तीन एकर रान दीर करत होता आणि सुगी झाली की तो देईल ती दोन पोती या घरात येत होती. सातबारा काढून पाहिला, तर त्यावर तिचे नाव नव्हते आणि तिच्या नवऱ्याचेही नव्हते. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर सहा एकरांचे खाते तसेच पडून होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या बालकांपैकी ३५.२ टक्के खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आहेत, तर १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. या आकड्यांची चर्चा बहुतेक वेळा आहारावर सुरू होते आणि आहारावरच संपते. मराठवाड्यात बायकांबरोबर तलाठी सज्जाच्या पायऱ्या चढताना मला मात्र दर वेळी हेच दिसले आहे, की रानात काय पेरायचे आणि घरात किती ठेवायचे, हे ज्याचे नाव कागदावर आहे तोच ठरवतो. म्हणून हे मार्गदर्शन कागदापासून सुरू होते आणि ताटापर्यंत जाते.

आधी कागद वाचा

अर्ज लिहायला बसण्याआधी त्या गटाचा ताजा सातबारा, खात्याचा ८-अ (त्या खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) हाती घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे खातेदाराच्या रकान्यात कोणाकोणाची नावे आहेत. दुसरी म्हणजे ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे. पूर्वी बहिणींची आणि विधवांची नावे सर्रास याच रकान्यात टाकली जात, आणि ‘नाव लागले आहे’ या समजुतीत बाई वर्षानुवर्षे राहते. इतर हक्कात नाव असणे म्हणजे खातेदार असणे नव्हे, हे तिला त्याच वेळी स्पष्ट सांगा. तिसरी गोष्ट ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता हा शेरा. थोरल्या भावाच्या नावापुढे तो असेल, तर बाकीच्या भावंडांचे हिस्से त्या तीन अक्षरांमागे दडलेले आहेत, असे समजून जुना फेरफार शोधायचा.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हेही तिथेच कळते. सिलिंगची, म्हणजे कमाल मर्यादेवरची म्हणून सरकारने काढून वाटलेली जमीन किंवा नियमित झालेले गायरान (गावची सरकारी चराऊ जमीन) सहसा वर्ग २ मध्ये असते. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, पण तिला वारस मात्र लागतात. ‘ही सरकारी जमीन, हिला वारस लागत नाही’ असे कोणी सांगितले, तर ऐकून परत फिरू नका.

मराठवाड्यात आणखी एक पायरी आहे, जी पश्चिम महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना सहसा ठाऊक नसते. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या जमिनींवर इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली जमीन), खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेली जमीन) अशा जुन्या धारणांचे थर आहेत, आणि कुळांसाठी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा वेगळा कायदा आहे. मूळ मालक कोण आणि कसणारा कोण, असा वाद निघाला तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. त्याची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवावी लागते, आणि त्याच्याही मागचे कागद उर्दूत निघाले तर भाषांतराची सोय करावी लागते. बहुतेक घरांना इतके मागे जावे लागत नाही; पण सातबाऱ्यावर ‘संरक्षित कूळ’ किंवा ‘इनाम’ असा शब्द दिसला, तर जाणत्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. तलाठी आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, गावात मात्र त्यांना तलाठीच म्हणतात. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही. दहा-बारा वर्षांनीही नोंद होते. एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर सुरू झाली, ती अशाच मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी.

अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरच्या मोबाईलवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो आणि सज्जावर कागदीही देता येतो. त्यात मयताचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, गाव, गट नंबर, क्षेत्र, आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते लिहायचे. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळीचे स्वयंघोषणापत्र किंवा शपथपत्र, सातबारा, ८-अ, आधार आणि रेशनकार्ड जोडायचे. मुले अठराच्या आत असतील तर त्यांची नावे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असे लिहून लावायची. इथे आईऐवजी चुलत्याचे नाव घालण्याचा आग्रह अनेक घरांत होतो. आई हयात असताना त्याला काही कारण नाही, आणि ती ओळ अर्जात स्वतः लिहून देणे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

एकामागून एक दोन मृत्यू झाले असतील, तर नोंदीही त्याच क्रमाने घ्याव्या लागतात. वरच्या घराचेच पाहा. सासरे आधी गेले, म्हणून त्यांचे वारस आधी लागतील: सासू, दोन मुले आणि एक मुलगी. त्यानंतर धाकट्या मुलाच्या जागी त्याचे वारस: पत्नी, त्याची मुले आणि त्याची आई. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही पहिल्या वर्गातले वारस आहेत. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळ्या प्रमाणात ठरतात, पण विधवा आणि मुलगी तिथेही वारस आहेतच. विधवेने पुढे दुसरे लग्न केले, म्हणून तिला एकदा मिळालेला हिस्सा काढून घेता येत नाही.

आता अवघड गोष्ट. सहा एकर सासऱ्यांचे स्वतःचे धरले, तर चार वारसांना दीड-दीड एकर येतात. वडिलोपार्जित असतील तर हिशेब वेगळा निघतो. म्हणजे तोंडी वाटणीतले तीन एकर कागदावर आपोआप तिचे होत नाहीत, कारण त्यात नणंदेचाही हिस्सा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. वारस नोंदीच्या वेळी ‘नणंदेचे नाव गाळा, नंतर बघू’ असा सल्ला देणारे दहा जण भेटतात. तो मानू नका. नाव गाळलेली नोंद पुढे अपिलात रद्द होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या कायद्याच्या आधाराने आपण सुनेचा हक्क मागतो, त्याच कायद्याने नणंदेचा हक्क उभा आहे. नणंदेला आपला हिस्सा खरोखरच सोडायचा असेल, तर ती नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून तो सोडू शकते. हे पत्र वाचून दाखवल्याशिवाय तिचा अंगठा घेतला जाऊ नये, आणि कोणाच्या लाभात ती हक्क सोडते आहे, हे नाव त्यात स्पष्ट असावे.

अर्ज आल्यावर तलाठी वारसांची नोंद नमुना ६-क मध्ये घेऊन स्थानिक चौकशी करतात, नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर सुनावणी होते. निर्णय विरोधात गेला, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. म्हणून निर्णयाची प्रत कोणत्या दिवशी हाती आली, ती तारीख लिहून ठेवा. नाव चुकीचे छापले गेले असेल, तर महसूल अधिनियमाच्याच कलम १५५ खाली तहसीलदारांकडे हस्तदोष दुरुस्ती मागता येते.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पोच. एका तहसील कार्यालयात आमचा अर्ज पोच न देता ठेवून घेतला गेला. ‘ताई, तुम्ही जा, काम होऊन जाईल’ या शब्दावर आम्ही विसंबलो, आणि दीड वर्षाने असा अर्ज आलाच नव्हता, असे उत्तर मिळाले. त्या दीड वर्षात त्या घराची दोन खरिपे आणि एक रब्बी गेली. तेव्हापासून मी शिक्का-तारखेची पोच किंवा ऑनलाईन अर्जाचा क्रमांक हाती आल्याशिवाय कार्यालयातून उठत नाही.

नाव लागल्यावर प्रत्यक्ष हद्द ठरते ती वाटणीने. सर्व सहधारकांची संमती असेल, तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते. संमती नसेल, तर दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. घरातले एखादे वडीलधारे माणूस मध्ये घालून, सासूच्या हातचे चार घास सर्वांनी खाऊन, वाटणी संमतीने होत असेल तर थोडे नमते घेऊनही ती करावी, असे माझे मत आहे. विहीर आणि पायवाट यांचे हक्क मात्र वाटणीपत्रात शब्दाने लिहून घ्यावेत, कारण पुढची भांडणे तिथेच होतात.

नवरा हयात असेल, तर याहून कितीतरी सोपा मार्ग आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि हजारो शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली. पुढे १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून, पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची वाट खुली केली. त्यासाठी जमीन पतीच्या नावावर असावी लागते आणि पतीची संमती लागते. सही करताना पुरुषमाणूस बिचकतो, तेव्हा मी त्याला एवढेच विचारते: उद्या तुमचे काही बरे-वाईट झाले, तर या पोरांच्या आईने कोणाच्या दारात जावे? नाव लागल्यावर तिच्या सहीशिवाय ती जमीन परस्पर विकली जात नाही.

नावाचा उपयोग

सातबारा हाती आला की तो ट्रंकेत ठेवून देऊ नका. त्याच आठवड्यात पुढची कामे लावा. पहिले काम शेतकरी ओळख क्रमांक. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी तो बंधनकारक आहे. इथे बायकांची मोठी अडचण नावाची असते: आधारवर माहेरचे नाव, सातबाऱ्यावर सासरचे, बँकेत तिसरेच. आधार आणि बँकेचे नाव सातबाऱ्याशी जुळते का, हे वारस नोंदीच्या अर्जाआधीच पाहिले तर नंतरचे चार हेलपाटे वाचतात. पीएम-किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन सहसा धरत नाहीत, पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. विधवेचा अर्ज या कारणाने नाकारला गेला, तर ही सूट दाखवून द्यावी. लक्ष्मी मुक्तीत मात्र वेगळा लाभ वाढत नाही, कारण तिथे पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरतात.

दुसरे काम रेशनचे. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याच कायद्याने १८ वर्षांवरची घरातली सर्वांत वडील बाई रेशनकार्डाची कुटुंबप्रमुख ठरते. नवरा वारल्यावर त्याचे नाव कमी करताना सुनेचे आणि मुलांचे कार्ड दिराच्या कार्डात मिसळले जाणार नाही, याकडे लक्ष द्या. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे. विधवा आणि भूमिहीन मजूर यांनी अंत्योदयसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा. धान्य कमी मोजले, पावती दिली नाही किंवा दुकान बंद ठेवले, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

जे केशरी कार्डधारक शेतकरी प्राधान्य यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा जिल्हे अशा चौदा जिल्ह्यांत वेगळी योजना आहे. २०१५ पासून त्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत असे. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात येऊ लागले आणि २०२४ मध्ये ते १७० झाले. पाच किलो धान्याच्या जागी आलेले हे पैसे बाजारभावापुढे अपुरे आहेत, हे मी स्पष्टपणे लिहिते. पण ते घरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतात, आणि त्यासाठी शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा लागतो. निराधार विधवेला संजय गांधी योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही मागता येतात, मात्र तिथे उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० इतकी कडक आहे.

एक एकर घरासाठी

नाव लागले तरी सगळे रान सोयाबीन आणि कापसाखालीच गेले, तर ताटात फरक पडत नाही. सोयाबीनचा पैसा नोव्हेंबरमध्ये येतो आणि उधारी, खत-बियाणे, लग्नकार्य यांत दिवाळीबरोबरच संपतो. लातूर-धाराशिवकडे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरातून एखादा एकर मागून घ्यायला आणि त्यावर खाण्याची पिके घ्यायला शिकवले, आणि त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की सगळे शेत बदला असे न म्हणता एकच एकर मागितले गेले. एका एकराला घरातला पुरुष सहसा नाही म्हणत नाही.

हिशेब असा मांडावा. पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो धान्य धरले तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. पाच जणांचे रेशन महिन्याला २५ किलो, म्हणजे वर्षाला तीन क्विंटल. उरलेले अडीच क्विंटल रानातून यायला हवेत. मध्यम ते भारी जमिनीत कोरडवाहू शाळू बऱ्या वर्षी एकरी चार क्विंटलच्या आसपास उतरतो, तेव्हा पाऊण एकर त्याला ठेवला की दुष्काळी वर्षाचा थोडा आधारही राहतो. डाळ रोज पावशेर म्हटली तरी वर्षाला ९० किलो होते.

याच पाऊण एकरात खरिपात मूग किंवा उडीद घ्यावा. मृगाच्या पावसावर पेरलेला मूग साठ-पासष्ट दिवसांत, गणपतीच्या आसपास, निघतो. शेंगा तोडून धांडे जमिनीत मिसळले की त्याच रानात सप्टेंबरच्या मध्यापासून शाळू पेरता येतो. मूग हवेतला नत्र जमिनीत धरतो, त्यामुळे मागच्या ज्वारीला खतही कमी लागते. ज्वारीच्या कडेने करडईची काकरी ठेवा: कोवळ्या पानांची भाजी, नंतर घाण्याचे तेल, आणि काटेरी झाडांमुळे जनावरे आत शिरत नाहीत. उरलेल्या पाव एकरात तूर, तिच्या ओळींत तीळ आणि अंबाडी. शाळूचा कडबा हे दुसरे पीकच आहे. तो विकण्याआधी दारातल्या शेळीला किंवा गाईला पुरेल इतका काढून ठेवा, कारण पोरांचे दूध त्यातूनच येते.

भाजीसाठी न्हाणीचे पाणी जाते ती जागा पुरे. तिथे दोन शेवगे, एक लिंबू, एक पपई, कुडावर दोडका आणि वाल, खाली मेथी, पालक, चुका. पावसाळ्यात बांधावर आपोआप येणारा तांदुळजा, घोळ, कुंजीर यांना तण म्हणून तणनाशकाने जाळू नका. आमच्या आजीच्या हातची घोळीची पातळ भाजी आणि भाकरी हे ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही. रक्त कमी असलेल्या बाईने पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळावे, कारण आंबटामुळे लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागून चहा टाळावा, कारण चहा ते लागू देत नाही.

कणगी भरल्यावर पहिला निर्णय घ्यायचा तो मोजणीचा. वर्षाची ज्वारी आणि डाळ मोजून बाजूला काढा, त्यानंतर उरेल ते बाजारात न्या. आणि ताट वाढताना घरच्या बाईचे, विशेषतः दोन जिवांची असेल तर, ताट आधी वेगळे काढून झाकून ठेवा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भांड्याच्या तळाचे पाणी येते, हे मी अनेक सुखवस्तू घरांतही पाहिले आहे.

जमीनच नसेल तर

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्यानेही लढला, आणि पुढे बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाडांनी गायरानाचा लढा गावोगाव नेला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर भूमिहीनांच्या १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातल्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांना नियमित करण्याची तरतूद केली. ज्यांचे गायरान अजून नावावर झालेले नाही, त्यांनी जुना पुरावा एकत्र करावा: नमुना १-ई ची अतिक्रमण नोंदवही, दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी. २०११ नंतर नवे अतिक्रमण नियमित होण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे, तेव्हा नव्या माणसाने त्या आशेवर पैसे घालू नयेत.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे, आणि विधवा व परित्यक्तांना प्राधान्य आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. खरी अडचण जमीन मिळण्याची असते, कारण शासनाच्या दरात विकणारा सापडत नाही. गावातले कोण विकणार आहे, हे बचत गटातल्या बायकांना आधी कळते, म्हणून अर्जाबरोबर विकणाऱ्याचा शोधही आपणच घ्यावा. तोवर गटाने मिळून रान ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, करायला हरकत नाही, फक्त वर्ष, क्षेत्र आणि रक्कम कागदावर असावी.

कोयता आणि पोर

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या वाड्या-तांड्यांतून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने पालात राहतात. कमावलेले वजन पोर याच महिन्यांत गमावते. निघण्याआधी अंगणवाडीत मुलाचे वजन, उंची आणि दंडघेर मोजून घ्या. दंडाची पट्टी साधी असते: सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या आत आला, पट्टी लाल दाखवू लागली, तर ते अतितीव्र कुपोषण आहे आणि दवाखाना गाठायचा; ११.५ ते १२.५ असेल तर लगेच जादा आहार सुरू करायचा. अंगणवाडीतून बाळाला आणि गरोदर व स्तनदा मातेला ठरलेल्या निकषांप्रमाणे पूरक आहार मिळाला पाहिजे. नाव पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या ऑनलाईन नोंदीत, असेल, तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीतही तो आहार मागता येतो, आणि रेशनही आधारच्या आधारे तिथल्या दुकानातून उचलता येते. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी गाव सोडण्याआधी पूर्ण हवी. माता-बाल संरक्षण कार्ड, रेशनकार्ड आणि आधार एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बैलगाडीत नव्हे, आईच्या अंगावरच्या पिशवीत ठेवा.

पालात बाळासाठी वेगळा स्वयंपाक होत नाही, हे मला माहीत आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध. त्यानंतर घट्ट वरणात भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून, दिवसातून तीन-चार वेळा भरवावे. पहाटे तीनला फडात जाताना शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू थोरल्या भावंडापाशी बांधून द्यावेत. गावी परतल्यावर, पाडव्याच्या आसपास, घराचे कुलूप उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा त्याच अंगणवाडीत न्यावे आणि निघतानाच्या आकड्याखाली आजचा आकडा लिहून घ्यावा. पट्टी पिवळी किंवा लाल आली, तर ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याची मागणी त्याच दिवशी करावी. त्याच फेरीत तलाठ्याकडे जाऊन फेरफार कुठवर आला, हेही विचारून घ्यावे.